आठव्या पिल्लाचा चट्टा

८ एप्रिल, मंगळवार

पोस्किटांच्या घरी आज जे घडले ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. १ मार्चला, पिल्ले तीन दिवसांची असताना, मी आमच्या दवाखान्याचे पशुवैद्य मि. हिब्बर्ट यांच्याबरोबर तिथे गेले होते. ते पुढच्या पायांची आतली नखे काढत होते आणि मी एकेक पिल्लू हातात धरत होते. डाल्मेशियनची आठ पिल्ले. आठही पांढरी, कुठे काळा कणही नाही.
२. आज त्यांची श्रवणचाचणी होती. दवाखान्याचे यंत्र घेऊन मी एकटी गेले.
३. मिसेस एनिड पोस्किट यांनी सात पिल्ले आणली. सहांना दोन्ही कानांनी ऐकू येते, एकाला फक्त उजव्या कानाने.
४. आठवे आणले नाही. विचारल्यावर म्हणाल्या, त्याच्या तोंडावर चट्टा आहे, त्याला तपासायचे नाही.
५. दाखवा म्हटल्यावर ते स्वेटरच्या आतून काढले. मादी. डाव्या डोळ्यापासून कानाच्या टोकापर्यंत काळाभोर चट्टा. माझ्या हातात दिले नाही.
६. या जातीचे ठिपके जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी उमटू लागतात. चट्टा मात्र जन्मताच असतो. तो मागाहून येत नाही.
७. १ मार्चला तो नव्हता.

म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर हे ते पिल्लू नव्हे, किंवा हा चट्टा नव्हे. दुसरी मी बाजूला ठेवते. चट्टा असलेले पिल्लू कुत्र्यांच्या शोमध्ये उभे करत नाहीत. ते पाळायला म्हणून कुणाला तरी देऊन टाकतात. लोक खोट लपवतात. नसलेली खोट कोण तयार करील?

तेव्हा पहिली शक्यता. पिल्लू बदलले आहे.

मिसेस पोस्किट सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि मला 'पोरी' म्हणतात, जे मला आवडत नाही.

"अगं पोरी, चट्टेवाली बहिरी नसतात," त्या म्हणाल्या. "हे माझ्या सासूला ठाऊक होतं. तुझ्या त्या डब्याला ठाऊक नसेल."

"बहिरी कमी असतात. नसतात असं नाही."

"झालं! शिकलेल्या माणसाला 'कमी' म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. चहा घेतेस का?"

चहा घेतला नाही. त्यांच्या उजव्या हाताची नखे कडेने काळी होती. माझी नजर गेलेली पाहून म्हणाल्या, "कोळसा भरत होते."

स्वयंपाकघरात विजेची शेगडी आहे. बाहेर पडताना बैठकीच्या खोलीत डोकावले. तिथल्या फायरप्लेसमध्ये वाळलेल्या फुलांचा घडा ठेवलेला आहे.

९ एप्रिल, बुधवार

मि. हिब्बर्टना जेवणाच्या सुट्टीत विचारले, चट्टा उशिरा येतो का.

"नाही," ते सँडविच खात म्हणाले.

"पोस्किटांच्या एका पिल्लाला आलाय."

"मग तो आधीपासूनच असेल आणि तुला दिसला नसेल."

"आठही मी हातात धरली होती."

"ब्रायनी, तू माझ्या कात्रीकडे बघत होतीस, मी स्वतःचं बोट तर कापून घेत नाही ना म्हणून." ते हसले. "तुला सगळीकडे भानगड दिसते. गेल्या महिन्यात चर्चच्या पाद्रीबाईंच्या मांजरावरही तुझा संशय होता."

"ते मांजर खरंच दोन घरी जेवत होतं."

"होतं खरं," त्यांनी कबूल केले.

मग मी न विचारताच त्यांनी सांगितले की या भागात चट्टेवाल्या पिल्लांची चाचणी कुणीच करून घेत नाही. पाळायलाच द्यायची, आणि ऐकू तर येतेच, असा सगळ्यांचा समज. बाकीच्यांपैकी एखादे दोन्ही कानांनी बहिरे निघाले, तर एनिडबाईंची मुलगी लॉरेन मि. हिब्बर्टना बोलावते. पूर्वी तिचे वडील मि. हिब्बर्टच्या वडिलांना बोलवायचे. कुत्री आता लॉरेनच्या नावावर आहेत, शब्द तिचाच.

"बोलावते म्हणजे?"

"म्हणजे सुई घेऊन, ब्रायनी. कायमच्या झोपेची. मला ते काम आवडत नाही. पण मालकाचा निर्णय असतो."

"आतापर्यंत किती?"

"तीन. नाही, चार." उरलेले सँडविच कागदात गुंडाळून ठेवले.

माझा अंदाज असा. आठवे पिल्लू बहिरे निघाले असणार. ते या बायकांनी गुपचूप संपवले आणि संख्या भरून काढायला दुसरीकडून चट्टेवाले आणले. कारण उघड आहे. बाप लॉरेनचा प्रसिद्ध कुत्रा आहे, त्याच्या पोटी बहिरे निघाल्याची नोंद झाली तर पैदाशीसाठी त्याच्याकडे कुणी कुत्री आणणार नाही.

हा निष्कर्ष नाही, संशय आहे. पण एका पिल्लाचा जीव गेला असेल, तर तो माझ्या चाचणीच्या तारखेआधी, माझ्या चाचणीला चुकवून गेला आहे. हे मला चालणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

एका कानाने ऐकणाऱ्या पिल्लाची फेरचाचणी करायची म्हणून गेले. हे खोटे नव्हे. दुसरे मोजमाप केव्हाही बरे.

लाउथमध्ये एनिडबाईंचे पूर्वी केस कापायचे दुकान होते. अजूनही गावातल्या दोनतीन बायका त्यांच्या स्वयंपाकघरात केस सेट करून घ्यायला, भुवया रंगवून घ्यायला येतात. आज एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. म्हणजे या घरात बाहेरच्या माणसांची ये-जा आहे. बास्केटमधून एखादे पिल्लू आले किंवा गेले तर कुणाच्या लक्षात येणार नाही. नोंद करून ठेवते.

मी यंत्र मांडत असताना बाईंनी पिल्ले टेबलावर घेतली आणि त्या टॉवेलवाल्या बाईला दाखवू लागल्या. खरे तर मला ऐकवत होत्या.

"हा स्पॉट. गोल, कडा कापल्यासारखी, जुन्या अर्ध्या क्राउनच्या नाण्याएवढा, असा पाहिजे. हे दोन एकमेकांत घुसलेत, हा ब्लॉच, परीक्षक नाक मुरडतात. पायावर बारीक बारीक आहेत त्या फ्रेकल. हे कानातले शिंतोडे, टिकिंग. आणि हा बघ, काळ्यात पांढरे केस मिसळलेत, पिठात लोळून आल्यासारखा, त्याला म्हणायचं फ्रॉस्टिंग." मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय लिहितेस, पोरी?"

"चिपचा क्रमांक."

"बिचारी!" टॉवेलवाली बाई म्हणाली. मला की पिल्लाला, कळले नाही.

"आणि चट्टेवाल्याचं काय?" मी विचारले.

एनिडबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "चट्ट्याचं काय? चट्टा तो चट्टा."

पांढऱ्यावरच्या प्रत्येक काळ्यासाठी वेगळा शब्द असलेल्या बाईकडे याच्याबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते.

त्यांनी त्या पिल्लाला नाव ठेवले आहे, स्मज. विकायच्या पिल्लाला एरवी त्या नाव ठेवत नाहीत. शिवाय स्मज म्हणजे बोट फिरून फरफटलेला डाग. ज्याच्या कडा इतक्या नीट आहेत त्याला हे नाव कोण ठेवते?

आणखी निरीक्षणे. किटलीची शिटी वाजली तेव्हा सात पिल्लांनी माना वर केल्या, स्मज झोपून राहिले. यावरून काही सिद्ध होत नाही. पोट भरलेले पिल्लू झोपते. टाळ्या वाजवून कान तपासणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही. पिल्लू शेजारच्याचे बघून मान वळवते, वाऱ्याने वळवते, सावलीने वळवते. कातडीखाली सुया आणि पडद्यावर रेघ असल्याशिवाय मी ऐकण्याबद्दल काहीही लिहीत नाही. स्मजला उचलण्याआधी बाईंनी जमिनीवर टाच आपटली, मग वाकल्या. गुडघ्याचा त्रास असावा.

स्मजला अजून कातडीखालची ओळखीची चिप लावलेली नाही. "देताना लावू," म्हणाल्या. संशयात भर.

१४ एप्रिल, सोमवार

लॉरेन पोस्किट प्रमाणपत्रे घ्यायला दवाखान्यात आली. उंच, आवाज मोठा, कोटाच्या खिशात कुत्र्यांची बिस्किटे. मला ती आवडली असती, पण माझा मुख्य संशय तिच्यावर आहे.

"चट्टेवालं पिल्लू जन्मलं तेव्हा तुम्ही घरी होता?" मी विचारले.

"मी ऑस्ट्रेलियात होते, भावाकडे. महिनाभर. का?"

"नोंदीसाठी."

"कसली नोंद? त्याची तर चाचणीच झाली नाही."

"म्हणूनच."

तिने प्रमाणपत्रे खाली ठेवली. "आई म्हणाली जन्मतःच होता. अर्धं तोंड शाईत बुडवल्यासारखं. का, नव्हता का?"

"मी खात्री करून सांगते."

हे पूर्ण खरे उत्तर होते. तिचा चेहरा मात्र बदलला. तिला खरेच काही माहीत नसावे, किंवा ती अभिनय उत्तम करते.

दारापर्यंत जाऊन परत आली. "तुम्ही मला कसाई समजता, मला माहितीय. हिब्बर्टनी सांगितलं असेल, लॉरेन बहिऱ्यांना ठेवत नाही. सांगते का ते. आईनं एकदा बहिरं पिल्लू न सांगता दिलं होतं. चांगली माणसं होती ती. त्यांच्या चार वर्षांच्या पोरानं ते झोपलेलं असताना मागून मिठी मारली. दचकून उठलं आणि गाल फाडला. त्या पोराला भेटायला मी गेले होते. टाके बघितलेत मी. तुम्ही पडद्यावर रेघा बघता, ते ठीक आहे."

"चट्टेवालं लिंकन शहरातल्या एका कुटुंबाकडे चाललंय, ईस्टरनंतर," ती म्हणाली. "त्यांची मुलगी पाच वर्षांची आहे. त्यात काही गडबड असेल, तर मला आत्ता सांगा."

"अजून सांगण्यासारखं काही नाही."

ती गेल्यावर बिस्किटांचा वास बराच वेळ राहिला.

१५ एप्रिल, मंगळवार

कामे नेहमीची. एका बुलडॉगचे कान, एक भेट रद्द.

खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना सहज विचारले, घरात कुत्रे चालते का. माहिती म्हणून. त्या म्हणाल्या, भुंकणारे नको.

बहिऱ्या कुत्र्यांना हातांच्या खुणांनी शिकवण्यावर काही वाचले. तांत्रिक उत्सुकता.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी एनिडबाईंचा दवाखान्यात फोन.

"तू माझ्या लेकीला काय विचारलंस?"

"एक साधा प्रश्न."

"साधा! काल ती स्मजला खिडकीशी नेऊन तोंड उजेडात धरून बघत होती. मी हिसकावून घेतलं. म्हटलं, त्याला जुलाब होतायत. आज परत बघेल. तू ये इकडे. नाही, नको येऊस. बरं, ये. लॉरेन दुपारी बाजारात असते. आणि तुझा डबा आण."

यंत्र घेऊन गेले. दवाखान्यात कुणाला विचारले नाही. हे नियमाला धरून नव्हते.

टेबलावर गुड फ्रायडेचे गोड बन होते, वर काढलेले क्रॉस वाकडे झालेले. स्मज बाईंच्या मांडीवर. या वेळी त्यांनी ते मला दिले. वजन अपेक्षेपेक्षा कमी. मी आधी कुशीवरचा एक ठिपका घेतला आणि केस दोन बोटांनी बाजूला केले. खालची कातडी काळी. ठिपका खरा असला की तो कातडीपर्यंत जातो, चट्टाही तसाच. मग डोळ्यावरचे केस बाजूला केले.

कातडी गुलाबी होती. स्वच्छ, गुलाबी.

मी ८ तारखेला बाजूला ठेवलेली दुसरी शक्यता खरी होती. माझ्या सगळ्या अंदाजांचा पायाच चुकला होता. पिल्लू तेच होते, पहिल्या दिवसापासून.

"हा चट्टा नाही," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

"डाग आहे. लावलेला."

"डाग काय म्हणतेस! भुवयांचा रंग आहे तो, उत्तमातला. डोळ्याच्या कडेला चालतो. दर आठवड्याला कडा धरून धरून..." आणि त्या थांबल्या.

माझ्या डोक्यात लगेच दुसरा संशय उभा राहिला, आणि तो मी बोलून दाखवला. लिंकनचे कुटुंब बाईंच्या ओळखीचे असणार. शोच्या लायकीचे पिल्लू, त्याला खोट रंगवायची, म्हणजे लॉरेन ते पाळायचे म्हणून सोडून देईल. रंग उतरला की त्यांच्या हाती उत्तम कुत्री.

एनिडबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसू लागल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या.

"तुला पोलिसात घ्यायला हवं होतं, पोरी. सगळे निर्दोष आत गेले असते."

"मग कशासाठी?"

"लाव तुझ्या सुया."

लावल्या. एक माथ्यावर, दोन कानांपाशी. स्मजने सुयांना फारशी हरकत घेतली नाही. डाव्या कानात टिकटिक सोडली. ऐकणाऱ्या कानाची रेघ लहान लहान डोंगर काढत जाते. ही सपाट गेली. उजवा कान, सपाट. तारा बदलल्या. यंत्राचा दोष असेल म्हणून दुसरे एक पिल्लू आणून लावले, त्याचे डोंगर नीट आले. पुन्हा स्मज. पुन्हा सपाट, दोन्हीकडे.

बाईंनी पडद्याकडे एकदाही पाहिले नाही. त्या बनवरचे बेदाणे काढून बशीच्या कडेला लावत होत्या.

"मला भांडं पडलं तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "भलं मोठं, मटण भाजायचं. सात जण टुणकन उठले. ही माझ्या चपलेवर डोकं टेकून झोपलेली. लॉरेन यायची होती पुढच्या आठवड्यात. मी विचार केला, चट्टेवालीला कोण तपासतं? आपल्यातलं कुणी नाही तपासत. तू आलीस तेव्हा तीन दिवसांच्या पिल्लांचे चेहरे लक्षात ठेवशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"लिंकनच्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे."

"माहितीय."

"त्यांना तुम्ही सांगणार होता?"

"हो."

"केव्हा?"

"दारात." बेदाणा. "गाडीत बसताना." आणखी एक बेदाणा.

"लॉरेननं त्या मुलाचे टाके बघितलेत."

"ती एकटी नव्हती गेली. मीसुद्धा गेले होते. आणि ते पिल्लू मी दिलं होतं, तिनं नाही." आवाज चढला, मग उतरला. "मला दोन्ही कळतं गं. पण एक मांडीवर असतं आणि दुसरं नसतं."

मी यंत्र आवरले. सांगितले की चिपशिवाय निकाल नोंदवता येत नाही, तसा नियम आहे.

"म्हणजे सांगणार नाहीस?"

"म्हणजे नोंद होणार नाही. सांगायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही."

"तू कायम अशीच बोलतेस का?"

मी एक बन खाल्ला.

१९ एप्रिल, शनिवार

मि. हिब्बर्टनी खुशीत बातमी दिली. "तुझा संशय साथीसारखा पसरतोय. लॉरेनचा फोन होता. शुक्रवारी, पंचवीसला, यंत्र घेऊन या म्हणाली. चट्टेवालंही तपासायचं. लिंकनवाल्यांना तोवर थांबवलंय." मग खुशी गेली. "तसं काही निघालं, तर तिथेच आटपून घ्या म्हणाली. सगळं सामान घेऊन या."

कारणपरंपरा स्पष्ट आहे. मी १४ तारखेला प्रश्न विचारला नसता, तर लॉरेनने तोंड उजेडात धरले नसते. तिने धरले नसते, तर शुक्रवार ठरला नसता. आणि शुक्रवार ठरला नसता, तर एक बहिरे पिल्लू न सांगता लहान मुलीच्या घरी गेले असते. कुठल्याही टोकाने धरले तरी हिशेब नीट लागत नाही.

लॉरेन चूक आहे असे मला लिहिता येत नाही. एनिडबाई बरोबर आहेत असेही नाही.

घरमालकीणबाईंकडून लेखी परवानगी घेतली. लेखी असलेले बरे असते, कशासाठीही.

मला स्वतःबद्दलही एक संशय आहे. तो इथे लिहीत नाही.

२१ एप्रिल, ईस्टर सोमवार

लॉरेन एका शोला गेली होती. मी पायीच गेले. यंत्र नेले नाही.

एनिडबाईंना आता रंग लावायचे कारण उरलेले नाही, तरी त्यांनी कडा नीट केल्या होत्या. "सणाचं तोंड," म्हणाल्या.

स्मज बास्केटमध्ये झोपले होते. मी फरशीवर टाच आपटली. डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे. तळहात खाली करून दाखवला. काही नाही. परत दाखवला. ते बसले. मी बिस्किट दिले. मग हात छातीशी घेतला, तशी दुडदुडत आले आणि माझ्या बुटावर पडले.

"बघ की!" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे ढुंकून बघत नाही ती. तुझ्या हातावरून नजर हलत नाही."

"उजेड माझ्या मागून येतोय. हात ठळक दिसत असेल."

"असेल, असेल. उजेडच असेल." त्या किटलीकडे वळल्या. "लॉरेनला तूच सांग. मी सांगितलं तर भांडण होईल, आणि भांडणात ती शुक्रवारची गुरुवारवर आणेल. तू लिही. लिहिलेलं ती नीट वाचते, हातात पेन्सिल घेऊन. बापासारखी."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणाली. निदान तिला माहीत असेल, कशाला नाही म्हणतेय ते."

त्याच्याखालून बूट काढून घ्यायला मला बराच वेळ लागला. पाय आखडला होता.

२२ एप्रिल, मंगळवार

मि. हिब्बर्टना सकाळी सगळे सांगितले, यंत्र न विचारता नेले तेसुद्धा. ते रागावले. मग म्हणाले, "तू? कुत्रं? तुझ्या त्या पांढऱ्या गालिच्यावर?" गालिचा आहे हे त्यांना कसे माहीत, मला कल्पना नाही.

पत्र तीनदा लिहिले. पहिल्या दोन्हींत कारणे जास्त झाली होती. जे पाठवले ते इथे उतरवून ठेवते.

प्रिय मिस पोस्किट,

तुमच्या आठव्या पिल्लाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. १७ तारखेला मी दवाखान्याच्या यंत्रावर, दवाखान्याची परवानगी न घेता, ते दोनदा तपासले. मि. हिब्बर्टना हे आज सांगितले आहे. शुक्रवारच्या चाचणीत वेगळे काही निघणार नाही.

त्याच्या तोंडावरचा काळा रंग चट्टा नाही. केस वाढतील तसा तो जाईल. तो कुणी लावला हे तुम्हाला कळेल. का लावला, हेही कळेल. त्यांच्याशी बोलण्याआधी पुढचे वाचावे, ही विनंती.

१४ तारखेला तुम्ही मला सरळ विचारले होते आणि मी सरळ उत्तर दिले नाही. तेव्हा मला खरे माहीत नव्हते, पण तुमच्यावर संशय होता. तो चुकीचा होता.

लिंकनच्या कुटुंबाला हे पिल्लू देऊ नये. त्या मुलाच्या गालाबद्दल तुम्ही जे म्हणालात, त्यात मी तुमच्या बाजूची आहे.

मला ते पिल्लू हवे आहे. मी एकटी राहते, घरात लहान मूल नाही आणि येत नाही. घरमालकिणीची लेखी परवानगी सोबत जोडली आहे. बाहेर ते कधीही पट्ट्याशिवाय असणार नाही. त्याची पैदास होणार नाही. कुणी हात लावायला वाकले, तर ते बहिरे आहे हे मी आधी सांगेन, दर वेळी. मला ते सांभाळणे जमले नाही, तर ते दुसऱ्या कुणालाही न देता तुमच्याकडे परत आणेन आणि मग निर्णय तुमचा. हे सगळे वकिलासमोर लिहून द्यायला मी तयार आहे.

मी आजवर कुत्रे पाळलेले नाही. हे लपवणे योग्य होणार नाही.

मि. हिब्बर्ट शुक्रवारी सकाळी नऊला दवाखान्यातून निघतील. त्यांनी काय काय सामान घ्यायचे ते तुमच्या उत्तरावर ठरेल. गुरुवार, २४ एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत मला हो किंवा नाही कळवावे.

ब्रायनी रूक